बिनसांध्याची नळी

आजवर कोणालाही सांगितलेलं नाही ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं लिहिण्याची हिंमत उरणार नाही. आमच्या सबंध तालुक्यात अंतर्बाह्य वेडा म्हणावा असा एकच माणूस होऊन गेला, आणि त्याला शहाणा करून सोडला तो मी. गावाला वाटतं तो ठेच लागून सुधारला, सरकारला वाटतं तो समज दिल्यानं सुधारला. दोघांचंही मी आजतागायत तसंच चालू दिलं. हा माणूस म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर. मी दवाखान्यासमोरचा सोनार. बापजाद्यांचं दुकान, मराठी सातवी झालेली, म्हणून चार ओळी लिहिता येतात एवढंच.

डॉक्टर पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईवर जाऊन आलेले होते. तिकडून कोणी घड्याळं आणली, कोणी खजूर आणला. यांनी आणलं ते एक खूळ. माणसाची तुटलेली रक्तवाहिनी जोडता येते, हे ते खूळ. छावणीत एका गोऱ्या सर्जननं शिपायाच्या मांडीतल्या धमनीची दोन्ही तुटकी टोकं एका बारक्या चांदीच्या नळीवर चढवून रेशमानं बांधली आणि तो पाय वाचला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चांदी आतून पांढऱ्या मेणात बुडवलेली असली की रक्त तिला चिकटत नाही. नळी काही जन्मभर पुरत नाही, पण तिनं चार-आठ दिवस काढून दिले की आजूबाजूच्या बारक्या शिरा रुंदावतात आणि अवयव जगतो. मला त्यांनी हे असं समजावलं होतं: “नाल्यावरचा पूल गेला तं आपन गाव सोडून देतो काय बे? लाकूड टाकतो. थ्या लाकडावरून चार दिस मानसं जातात, तवरक दुसरी वाट पडते.” बसऱ्याला त्यांनी स्वतः किती हातपाय कापले हे ते कधी सांगत नसत. एकदाच म्हणाले, “कापाले अक्कल लागत नाई, सोनारा. कुऱ्हाडीलेही येते.”

या खुळापायी माणूस कसा झाला होता म्हणाल, तर त्यांना कोणाचं तोंड लक्षात राहत नसे, शिरा राहत. बाजारात एखादा रामराम घालायचा तर हे त्याच्या हनुवटीखाली पाहत उभे. मग ओळख पटून म्हणायचे, “अच्छा, तू होय. काय बे, खोकला गेला काय?” अमडापूरच्या एका पाटलाच्या मुलाच्या लग्नात व्याहीभेटीच्या वेळी यांनी खुद्द पाटलाचा हात नमस्कारासाठी म्हणून धरला तो सोडीचनात. बाही वर सारली, कोपराच्या आत अंगठा दाबला, डोळे मिटले. वाजंत्री थांबली. सगळ्यांना वाटलं पाटलाचं काही खरं नाही. पाटलीणबाई तर रडायच्या बेतात. डॉक्टरांनी डोळे उघडले आणि भरल्या आवाजात म्हणाले, “पाटील, काय शीर आहे तुमची. मोटेच्या नाड्यावानी. कधी कापली गेली तं दुसऱ्या कोनाकडे जासान नोका.” त्या लग्नात डॉक्टरांना पुढं कोणी जेवायला वाढलं नाही, आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

हात बसावा म्हणून ते दोन गोष्टींवर सराव करत. एक म्हणजे एरंडाच्या पानांचे पोकळ देठ. दवाखान्याच्या ओसरीवर देठांची रांग टांगलेली असे. मधे कापून, नळीवर चढवून, बांधून, वरून लाल रंगाचं पाणी सोडलेलं. खाली थेंब पडला की डॉक्टरांचा चेहरा पडे. दुसरी गोष्ट म्हणजे बकऱ्याच्या मानेतल्या शिरा. खाटकाकडून त्या मिठाच्या पाण्यात घालून पितळेच्या डब्यात आणायच्या. तस्साच डबा घरून जेवणाचा यायचा. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबासमोर मोठ्या अगत्यानं जेवणाचा म्हणून जो डबा उघडला गेला, तो जेवणाचा नव्हता. साहेब शाकाहारी होते. त्या वर्षी शाळेचा शेरा वाईट गेला असं मास्तर अजून म्हणतात. डॉक्टरीणबाई स्वभावानं शांत होत्या. त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, “आमच्या घरी डबा उघडायच्या आधी हालवून पाह्यतात, बाई. पानी वाजलं तं दवाखान्यात परत.”

देठांनंतर शिरा आणि शिरांनंतर जिती शेळी. मानेतली धमनी कापून नळीवर जोडलेली एक काळी शेळी दवाखान्यामागं बांधलेली होती आणि डॉक्टर दिवसातून तीनदा तिची नाडी पाहत. पाहिलेलं लिहून ठेवायचं तर कागद वेगळा कुठला? त्यांनी रोग्यांच्या रजिस्टरातच लिहिलं. नाव: काळी. वय: दोन वर्षे. धंदा: चरणे. तक्रार: काही नाही. बुलढाण्याहून मोठे सर्जनसाहेब तपासणीला आले, त्यांनी हे कंपाउंडरकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मग म्हणाले, तक्रार नसलेला रोगी सगळ्या जिल्ह्यात मला हा पहिलाच भेटला. पण जाताना त्यांनी ताकीदही दिली: माणसावर हे करायचं नाही. डॉक्टर म्हणाले, “यस सर.” काळी त्यानंतर दोनदा व्याली. तिच्यामागून आणखी तीन शेळ्यांच्या माना जोडल्या गेल्या आणि चारही जगल्या. हे चार जीव पुढं माझ्या छातीवर बसले आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

या सगळ्या नळ्या माझ्या हातच्या. एका दुपारी डॉक्टर दुकानात येऊन आपल्या घड्याळाची चांदीची साखळी माझ्या ऐरणीवर ठेवून बसले होते. “हिची नळी कर. ज्वारीच्या ताटापरीस बारीक. आन एक गोष्ट ध्यानात ठेव, सांधा नाई पाह्यजे.” आता सोनाराला नळी कर म्हटलं की तो पातळ पत्रा घेतो, तारेवर गुंडाळतो, कडेला कड भिडवतो, टाकणखार लावून सांधा झाळतो आणि घासून पुसून टाकतो. शंभर पिढ्या हेच करत आल्या. डॉक्टरांना ते नको होतं. भरीव कांडी घ्यायची आणि सामत्यानं मधून भोक पाडत जायचं. सामता म्हणजे आमचं दोरीनं फिरवायचं गिरमिट. एका नळीला तीन दिवस. हात जरा तिरका गेला की चौथ्या दिवशी पहिल्यापासून. माझे वडील गादीवर बसून हे पाहत आणि म्हणत, “काऊन बे, सांध्याची लाज वाटून राह्यली काय डाक्टरले? अरे, दिसला तं सांधा. नाई दिसला तं कायचा सांधा?”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या धंद्याचा तो मंत्र आहे. पाटल्या, गोठ, वाकी, ज्यात त्यात सांधा असतो. तो लपवता येणं हीच विद्या. गिऱ्हाइकानं दागिना उजेडात फिरवून फिरवून पाहावा आणि त्याला सांधा सापडू नये, यासारखं सुख सोनाराला दुसरं नाही. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. आत केसाएवढी जरी धार राहिली तरी मेण तिथं नीट बसत नाही, रक्त अडतं, साखळतं. “डोयाले दिसत नसन सोनारा, पन रक्ताले दिसते,” ते म्हणत. मी हो म्हणत असे. साखळीची एकेक कडी वितळत गेली. शेवटी डॉक्टरांचं घड्याळ जानव्याच्या दोऱ्याला बांधलेलं दिसू लागलं, तेव्हा गावात हसू झालं. मीही हसलो होतो.

लग्नसराईचे दिवस होते. दुकानात जोडव्यांची, तोड्यांची रीघ, आणि डॉक्टरांनी मागितली आजवरची सगळ्यात बारीक नळी. हाताची शीर मांडीच्या शिरेपेक्षा लहान असते, तिच्यासाठी. मी सामता लावला, मोडला. दुसरा लावला, मोडला. तिसराही मोडला तेव्हा वडील म्हणाले, “लोहारकी शिक आता, थेच राह्यलं.” सकाळपासून चार गिऱ्हाइकं परत गेलेली. मी उठलो, कागदासारखा पत्रा काढला, सुईवर गुंडाळला, कड झाळली, तार ओढायच्या जंत्रीतून एकदा ओढली आणि अगेटाच्या गुळगुळीत दगडानं घासली. अर्ध्या तासाचं काम. आयुष्यात माझ्या हातून एवढं देखणं काम दुसरं झालं नाही. बाहेरून तर नाहीच, पण टोकाशी डोळा लावला तरी सांधा दिसेना. आतून मात्र हात पोचत नव्हता. तिथं काय राहिलं होतं ते मला माहीत होतं.

डॉक्टरांनी नळी भिंगाखाली धरली. या टोकानं पाहिली, त्या टोकानं पाहिली. मग माझ्याकडं न पाहता विचारलं, “सांधा तं नाई न बे?”

मी म्हणालो, “दिसतो काय?”

या दोन शब्दांवर मी पुष्कळ दिवस गुजराण केली. खोटं बोललो नाही, नुसतं विचारलं, असं स्वतःला सांगत राहिलो. डॉक्टर हसले. “हे तं देवानं घडवल्यावानी आहे,” म्हणाले, आणि नळी कापसात गुंडाळून खिशात ठेवली. मी मनात म्हटलं, माणसावर तर बंदी आहे, शेळीलाच लागणार. लग्नं उरकली की खरी करून देऊ, तेव्हा सांगूही.

लग्नं उरकायच्या आतच जानेफळहून करीम पिंजारी आला. कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारा, तिशीतला गडी. बकरीसाठी निंबाचा पाला पाडत होता. बांबूला बांधलेला विळा सुटून खाली आला तो उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला. बायको हुशार. तिनं पिंजायच्या धनुकलीची तात, म्हणजे आतड्याची दोरी, काढून दंडाला आवळली, म्हणून रक्त तिथंच राहिलं, आणि बैलगाडीत नवऱ्याला घालून सकाळची निघालेली दुपारी पोचली. हात पांढराफटक, गार. नियमानं डॉक्टरांनी तो दंडातून कापायचा आणि तिला घरी पाठवायचं. ती दारात उभी राहून म्हणाली, “साब, हात राह्यला पाह्यजे. पिंजाऱ्याच्या घरात हातच रोटी हाय.”

डॉक्टरांनी मला हाक मारली. कोणती नळी कुठल्या मापाची हे मला ठाऊक, म्हणून. साहेबांच्या ताकिदीची कंपाउंडरनं आठवण करून दिली, तर त्याला म्हणाले, “तू क्लोरोफार्म पाह्य.” त्यांनी टोकं मोकळी केली, एक भरीव कांडीतली नळी लावून पाहिली, ती मोठी झाली. दुसरी मोठी झाली. मग खिशातला कापूस निघाला. त्या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही. एकदा विचारून झालं होतं. मी टेबलापासून हातभर अंतरावर उभा होतो, आणि मला बोलता येत होतं. बोललो असतो तर हात लगेच कापला गेला असता, हे माझ्या मनात आलं, आणि कदाचित चालूनही जाईल, हेही आलं. पण त्या दोन्हींच्या आधी आलं ते हे, की कंपाउंडरसमोर आणि त्या बाईसमोर माझ्या दुकानाचं नाव जाईल. खरं लिहायला बसलो आहे तर क्रमही खराच लिहितो.

नळी मेणात बुडवली, टोकं चढवली, रेशीम बांधलं. तात सोडली. क्षणभर काही नाही. मग तळहात गुलाबी होत गेला, एकेका बोटानं, दिवा लागल्यासारखा. डॉक्टरांनी माझा हात ओढला आणि माझी बोटं करीमच्या मनगटावर ठेवली. “पाह्य. आली न?” आली होती. माझ्या बोटांखाली उडत होती. डॉक्टर तिथंच खाली फरशीवर बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले. एवढा आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मनगटातली नाडी गेली. तिसऱ्या दिवशी बोटं निळी झाली, चौथ्या दिवशी काळी. डॉक्टरांनी दंडातून हात कापला. करीमच्या भावानं तो फडक्यात गुंडाळून जानेफळला नेला आणि त्यांच्या रीतीप्रमाणं पुरला. नळी त्यातच गेली. डॉक्टरांनी ती काढून पाहिली असती तर उभी चिरताच सांधा सापडला असता. पण ते त्या दिवशी कशाकडंच पाहत नव्हते.

चौकशीला बुलढाण्याचे साहेब आले. त्यांनी मलाही बोलावलं. नळी डॉक्टरांनी सांगितली तशीच केली होती काय, एवढाच प्रश्न. मी म्हणालो, “हो साहेब.” हे मात्र सरळ खोटं होतं, त्याला कुठून वळसा नाही. डॉक्टर शेजारीच बसलेले. त्यांनी लिहून दिलं की दोष त्यांच्या हाताचा आणि त्यांच्या कल्पनेचा. शेळीत चालतं ते माणसात चालत नाही. साहेबांनी नोकरी ठेवली, समज दिली. बाहेर आल्यावर डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मनाले लावून घेऊ नोको बे. तुया कामात खोट नव्हती.” मी रस्ता ओलांडून दुकानात गेलो आणि जोडवी घडवायला बसलो.

आणि मग ते शहाणे झाले. ओसरीवरचे देठ गेले. काळी शेळी कोणाला तरी देऊन टाकली. उरलेल्या नळ्या माझ्या हातावर ठेवून म्हणाले, “पोरीले बाळ्या कर.” मी केल्या नाहीत, त्या नळ्या अजून आहेत, त्यांत एकही सांधा नाही. डॉक्टर वेळेवर दवाखाना उघडू लागले, माणसांच्या तोंडाकडं पाहून बोलू लागले, पाटलांकडं पोराबाळांची विचारपूस करू लागले. गावाला भारी बरं वाटलं. “डाक्टर आता मानसात आला,” लोक म्हणत. मला एवढंच दिसे की नंतर कापसाची सरकी काढायच्या जिनात सापडलेला, विळ्यानं कापलेला, जो जो हात त्यांच्या टेबलावर आला तो त्यांनी जोडून पाहायचा विचारही केला नाही. कापला, शिवला, पुढचा रोगी. तसे हात नसलेले तीन गडी आमच्या बाजाराला येतात. त्यांच्यापैकी कोणाचा वाचला असता, मी सांगू शकत नाही. मोठ्या शहरातला एक सर्जन, मी मोघम विचारलं तेव्हा, मला म्हणाला होता की असल्या नळ्या बहुधा बंदच पडतात, सांधा असो वा नसो. असेल तसंही. ते कळायची एकच वाट होती आणि ती डॉक्टरांच्या हातून मी काढून घेतली.

पुढं त्यांची घाटाखाली बदली झाली. जाताना भेटायला आले तेव्हा त्यांच्या कोटाचे खिसे सपाट होते. मी म्हटलं, “डाक्टरसाहेब, तिकडं नळ्या लागल्या तं सांगा.” ते जरा हसले. “नाई बे. आता घरच्या डब्यात डाळच असते.” दोन पावसाळ्यांनंतर घाटाखालच्या तापात ते गेल्याचं बाजारात ऐकलं. खरं सांगण्याचं त्यांचं देणं फेडायची जागा तेव्हाच बुडाली.

करीम आहे. बायको पिंजते, तो डाव्या हातानं गादीला टाके घालतो. बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानाच्या ओट्यावर टेकतो, मी त्याला चहा पाजतो. वीस-बावीस वर्षं झाली, तो दर खेपेला एकदा तरी म्हणतोच, “त्या येड्यानं माह्या हाताची बकरी केली, सोनारभाऊ. अल्ला त्याले माफ न करो.” मी मान हलवतो. त्याला वाटतं मी दुजोरा देतो आहे.

मी त्याला हे देणं लागतो: नळीला सांधा होता, तो मी झाळला होता, डॉक्टरांना ते माहीत नव्हतं, आणि त्यांचा हात चुकला नव्हता. हे अजून त्याला सांगितलेलं नाही.